पेवावरचा स्पीकर

या सदरात लोक लिहितात ते मी नेमाने वाचतो आणि बहुतेक वेळा हसतो, स्पष्टच सांगतो. कुणाला पिंपळाखाली बाई दिसते, कुणाची गाडी ओढ्याच्या पुलावर आपोआप बंद पडते... मला वाटतं, अरे बाबा, आधी प्लग काढून पुसून तर बघ. माझा धंदाच तसा आहे. आयटीआयला रेडिओ-टीव्ही मेकॅनिकचा कोर्स केला आणि आखाडा बाळापुरात बाजाराच्या रस्त्याला एक लहानसं दुकान टाकलं. सगळा जन्म आवाज दुरुस्त करण्यात गेला. घरघर आली की कंडेन्सर, खरखर आली की व्हॉल्यूमचं बटण, मध्येच अनोळखी माणूस बोलायला लागला तर लांब वायरीने पकडलेलं रेडिओ स्टेशन. कारणाशिवाय आवाज येत नाही — हे मी गिऱ्हाइकांना इतक्या वेळा सांगितलंय की आता बायको घरात तेच मला ऐकवते.

पण एका आवाजाचं कारण मला अजून सापडलेलं नाही. आणि तो मी दुसऱ्याकडून ऐकलेला नाही, स्वतःच्या कानाने ऐकलाय. म्हणून हे लिहायला बसलो.

साल नव्याण्णव. माझी थोरली बहीण शोभाताई पुसेगावला दिलेली आहे, सेनगाव तालुक्यात. घरी थोडी शेती आणि मेंढरं. मुलं हिंगोलीला शिकायला, त्यामुळे घरात तीनच माणसं — ताई, दाजी आणि ताईचे सासरे तात्या. तात्या पंचाहत्तरीला टेकलेले. एकेकाळी मेंढरांकडे पाठ करून बसले तरी कोणतं कोकरू ओरडलं ते आवाजावरून सांगायचे. त्या माणसाचे कान गेले. कानाशी तोंड नेऊन ओरडलं तरी "आँ?" करायचे आणि मग स्वतःच चिडायचे, कारण लोक मुद्दाम हळू बोलतात असा त्यांचा ठाम समज होता.

घरात चौदा इंची ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही. तात्यांना सातच्या बातम्या लागायच्या. ते आवाज शेवटपर्यंत वाढवायचे, मग तो फुटायचा, अर्ध्या गावाला बातम्या कळायच्या आणि तात्यांना मात्र एक शब्द कळायचा नाही. श्रावणात मी राखीला गेलो तेव्हा ताई म्हणाली, "दिल्या, तू गावाचे टीव्ही नीट करून राहिला, बहिणीच्या घरचा काहून न्हाई करीत? तात्यांना नीट ऐकू येईल असं कायतरी बसव ना."

मोठा आवाज म्हणजे साफ आवाज नव्हे. टीव्हीच्या पोटात बशीएवढा स्पीकर, त्याने बिचाऱ्याने काय काय करावं? मी पुढच्या सोमवारी दुकानातलं भंगार पिशवीत भरून परत गेलो. एका मोडक्या डेकचा चांगला राहिलेला ॲम्प्लिफायर, प्लायवूडच्या खोक्यातला एक छोटा स्पीकर आणि एक दहा इंची मोठा. टीव्हीच्या स्पीकरच्या वायरी बाहेर काढून ॲम्प्लिफायरला जोडायच्या, की झालं काम. खर्च म्हणाल तर वायरीचा आणि एसटीच्या तिकिटाचा.

खरं तर कमी ऐकू येणाऱ्या माणसाला छोटा स्पीकर कानाजवळ ठेवला तरी पुरे. घुमणाऱ्या बासचा त्याला काही उपयोग नाही. हे मला तेव्हाही कळत होतं. पण बहिणीच्या सासरी हात दाखवायची संधी आली होती, आणि मी ती सोडणाऱ्यांतला नव्हतो.

आमच्याकडे तेव्हा टेपचा स्पीकर माठाच्या तोंडावर पालथा घालायची पद्धत होती. माठ पोकळ असल्यामुळे आवाज घुमतो, फुकटचा बास मिळतो. मी ताईला माठ मागितला.

"पाण्याचा माठ देत नसते मी तुझ्या खेळाला," ती म्हणाली.

मी खोलीत माठाजोगं काही शोधत फिरत होतो, तेवढ्यात टीव्हीच्या टेबलाजवळ टाच आपटली आणि जमीन पोकळ वाजली. दाजी म्हणाले, "खाली पेव हाय जुनं. आज्यानं बंद केलंय, तवापासून तसंच."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. पेव म्हणजे ज्वारी साठवायला जमिनीत केलेला खड्डा. तोंड एक माणूस कसाबसा उतरेल एवढं आणि आत पोट फुगलेलं. म्हणजे माठच, फक्त दोन पुरुष खोल... माझी कळी अशी खुलली म्हणता.

"तात्या उघडू देत न्हाईत पण," दाजी मान खाजवत म्हणाले. "काहून ते सांगत न्हाईत. नगं म्हनतेत."

तात्या त्या दिवशी श्रावणी सोमवार म्हणून औंढ्याला नागनाथाच्या दर्शनाला गेलेले. दाजींना मी घोळात घेतलं. दोघांनी मिळून तोंडावरची फरशी सरकवली. आतून कुबट, ओल्या कडब्यासारखा वास आला. आत कुणी उतरलं नाही, उतरायचं कामच नव्हतं. मी फळीला गोल भोक पाडून मोठा स्पीकर बसवला, फळी पेवाच्या तोंडावर ठेवली आणि हवा गळू नये म्हणून कडेने शेणमातीने लिंपून टाकलं. वरून टेबल ओढलं, टेबलाला चादर सोडली. बाहेरून बघणाऱ्याला काही कळायचं नाही.

संध्याकाळी तात्या आले, हातपाय धुऊन खाटेवर बसले. दाजींनी बातम्या लावल्या. जराही न फुटता आवाज असा भरून आला की पायाखालची जमीन गुणगुणायला लागली. तात्या ताठ झाले. बातम्या संपेपर्यंत हलले नाहीत. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "बराबर ऐकू आलं. हरेक बोल." ताईचे डोळे भरून आले. मी आपला कॉलर ताठ करून जेवायला बसलो.

बासने बहिऱ्या माणसाला शब्द ऐकू येत नाहीत, हे तेव्हाच मनात खटकायला हवं होतं. पण कौतुक चाललेलं असताना कोण शंका काढतो.

पोळा झाला, गणपती झाले. एका दुपारी ताई एकटीच एसटीने बाळापूरला आली आणि थेट दुकानात येऊन स्टुलावर बसली. पाणीही प्यायली नाही.

"तुझी मशीन काढून ने," ती म्हणाली. "तात्या तिथून उठून न्हाई राहिले. मेंढरामागं जायचं सोडलं. लाईट गेली तरी तिथंच बसतेत, जमिनीवर हात ठेवून. दोन दिस झाले, भाकर शिवली न्हाई."

"टीव्ही बघतेत म्हून काय झालं?"

"टीव्ही बंद असतो रे. ते म्हनतेत आत बोलून राहिला. कोन ते सांगत न्हाईत. आज सकाळी फळी उचकायला लागले, मीच खाली जातो म्हने. ह्यांनी धरून ठेवलंय घरी. त्या वयाला आत उतरले तर काय ऱ्हातेत का ते?"

दुकान बंद करून तिच्याबरोबर निघालो. रस्त्यात तिला समजावत होतो की लांब वायर स्टेशन पकडते, हिंदी बातम्या कुठूनही येतात, म्हातारा माणूस घाबरला असेल. ती खिडकीबाहेर बघत होती. तिला माझं काही पटलेलं नव्हतं.

तात्यांना बघून माझं तोंड उतरलं. दीड महिन्यात माणूस निम्मा झाला होता. पेवाचं गुपित केव्हाच उघडं पडलेलं, टेबल बाजूला सारलेलं. तात्या लिंपलेल्या फळीजवळ मांडी घालून बसले होते, उजवा तळहात जमिनीवर. दाजी त्यांच्या पाठीशी, राखणीला बसल्यासारखे.

मी कामाला लागलो. टीव्ही बंद, ॲम्प्लिफायर चालू — नुसती नेहमीची बारीक घूं. वायर आखूड केली, स्टेशन नाही, काही नाही. मी तात्यांना हाताने 'काही नाही' अशी खूण केली. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला माझाच राग आला. मग मी म्हटलं, थांबा, यांना पुरावाच देतो.

स्पीकर उलटाही चालतो, हे आमच्या धंद्यातलं साधं ज्ञान आहे. बोलणारा स्पीकर माईकसारखा ऐकूही शकतो. मी पेवावरच्या स्पीकरच्या वायरी काढून माईकच्या जागी लावल्या आणि आवाज छोट्या खोक्यात घेतला. म्हणजे पेवात जे असेल ते खोक्यातून ऐकू येणार. आधी शिट्टी आली, खोकं लांब नेलं तशी गेली. मग हळूहळू व्हॉल्यूम वाढवला.

श्वास ऐकू आला. आत जाणारा, बाहेर येणारा. मग खोकला — मळणी करताना नाकात भुसा गेला की येतो तसा कोरडा, दोनदा. ताईने पदर तोंडावर धरला. दाजी माझ्याकडे बघू लागले.

"मेंढरं," मी म्हणालो. "मागं वाड्यात मेंढरू खोकून राहिलंय, जमिनीतून येतंय ते." मेंढरू माणसासारखंच खोकतं, हे दाजींना मी सांगायची गरज नव्हती.

"मेंढरं गड्यासंगं रानात हायेत," दाजी म्हणाले. "सकाळपासून."

"मग घोरपड असंल, उंदीर असंल. जितं कायतरी हाय आत, काढून दाखवतो. तात्यांना दिसलं म्हंजे मिटलं."

आता वाटतं, तात्यांसाठी उतरलो हे निम्मंच खरं. निम्मं माझ्या हट्टासाठी. माझ्याच मशीनने मला खोटं पाडलं होतं.

फळी उखडली, स्पीकर बाजूला ठेवला. कमरेला दोर बांधला, दाजींनी तो हाताला गुंडाळून धरला. आमच्या भागात पेवात उतरायची एक रीत आहे, शेंबड्या पोरालाही माहीत असते. पेव उघडून एक दिवस तसंच ठेवायचं आणि उतरण्याआधी आत पेटता कंदील सोडायचा. जळत राहिला तर उतरायचं. विझला तर आत वाफ साचलेली असते, माणूस वर येत नाही. मला रीत माहीत होती आणि मी ती पाळलीही... फक्त दिवसभर थांबत आणि कंदील शोधत कोण बसणार, म्हणून मी माझ्या पिशवीतली बॅटरी सुतळीला बांधून आत सोडली. तात्या मागून "कंदील, कंदील" करत होते. मी सुतळी हलवून त्यांना खालचा उजेड दाखवला. बॅटरी झक्क जळत होती. जळणारच ना. तिला हवा लागतच नाही. आयटीआय पास माणूस, लोकांना अक्कल शिकवणारा, आणि ही गोष्ट माझ्या डोक्यात आली नाही.

मी तोंडातून आत पाय सोडले तेवढ्यात लाईट गेली. पाचचं लोडशेडिंग. पंखा थांबला, ॲम्प्लिफायरचा लाल दिवा विझला. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं, ते लक्षात ठेवा.

तळाला पाय टेकले. खाली कुजलेला कडबा, ओला, पाय घोट्यापर्यंत रुतणारा. बॅटरी फिरवली. चहूबाजूंनी गोल भिंत, वर जाताना आत झुकत गेलेली. घोरपड नाही, उंदीर नाही, बीळसुद्धा नाही. वर बघितलं तर तोंड ताटलीएवढं दिसत होतं आणि त्यात दाजींचं डोकं. 'काही नाही, ओढा' असं म्हणायला तोंड उघडलं आणि आवाज आला नाही.

मला वाटलं घसा बसला. परत प्रयत्न केला. छाती वरखाली होत होती, पण हवा आत जाऊनही पोचत नव्हती. गुडघे आपोआप दुमडले. दोर हलवायचा म्हणून हात उचलला तर तो माझा हातच नव्हता, मांडीवर नुसता पडून होता. सगळं दिसत होतं, सगळं कळत होतं. दोन पुरुष वर माझी बहीण उभी होती, दाजी वाकून बघत होते, आणि त्यांना वाटत होतं मी बसून कडबा चाळतोय. "सापडलं का रं काही?" असं दाजींनी विचारलेलं मी ऐकलं. मी मरतोय, आणि हे लोक माझ्याकडे बघतायत... इतकी भीती मला ना त्याआधी कधी वाटली, ना त्यानंतर. माझी लेक तेव्हा दोन वर्षांची होती. तिचं नाव आठवेना, म्हणून मी मनात रडलो.

आणि तेव्हा तो आवाज आला. माझ्या उजव्या कानाशी, शेजारी मांडी घालून बसलेला माणूस बोलतो इतक्या जवळून. तरण्या पोराचा आवाज, धाप लागलेला.

"दादा, ओढ."

एवढंच. पुढचं मला आठवत नाही.

जाग आली तेव्हा मी अंगणात पालथा होतो आणि ताई माझ्या पाठीवर हात आपटत होती. कमरेला दोराने सालटं निघालेली. बाजूला तात्या बसलेले, दोन्ही तळहात सोलून निघालेले, रक्त येत होतं. दाजी सांगू लागले, "तात्यांनीच ओढलं तुला. मी तर बघून राहिलो होतो, तू हूं का चूं केलं न्हाई. तात्या एकदम उठले, माझ्या हातातून दोर हिसकला. ओढ म्हनून राहिला, ऐकू येत न्हाई का तुला, असं मलाच म्हनले."

जो माणूस कानात ओरडलेलं ऐकत नव्हता, तो.

तात्या माझ्याकडे सरकले. माझं तोंड दोन्ही हातांत धरलं. म्हणाले, "तू मला दादा काहून म्हनला?"

तो शब्द मी अजून कुणालाही सांगितला नव्हता. सांगण्याइतका शुद्धीवरही नव्हतो. मी मान हलवली — मी नाही म्हणालो. तात्यांनी माझं तोंड सोडलं. मग कुणी न विचारता सांगू लागले. त्यांच्या स्वतःच्या मुलाने, दाजींनी, ते पहिल्यांदाच ऐकलं.

निजामाच्या राज्यातली गोष्ट. तात्यांचा पाठचा भाऊ किसन, अठरा वर्षांचा, महाचेष्टेखोर. उगाच मेल्याचं सोंग करायचा, विहिरीत बुडतोय म्हणून ओरडायचा आणि माणसं धावली की हसायचा. ज्वारी काढायला हाच पेवात उतरला. दोर तात्यांच्या हातात. आतून दोनदा खोकला आणि म्हणाला, दादा, ओढ.

"मला वाटलं सोंग करून राहिला," तात्या म्हणाले. "म्या म्हनलं, बस जरा आतच. तमाखू मळली. खाल्ली. मग ओढलं."



"पंचनाम्याच्या भेवानं बापानं तापानं गेला म्हून सांगितलं. बोलावलं होतं त्यानं, हे बापालाबी म्या सांगितलं न्हाई." मग सोललेल्या हातांकडे बघत म्हणाले, "ह्या बारीला उशीर न्हाई केला."

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना दाखवलं. ते म्हणाले, हवा कमी पडली की मेंदूला भास होतात. बरोबर आहे, मला झाला असेल. पण तात्या वर होते, मोकळ्या हवेत. हातातला दोर हलला असेल म्हणून उठले म्हणावं, तर दोर दाजींच्या हातात होता. स्पीकरमधून आलं म्हणावं, तर लाईट नव्हती. आणि दोन माणसांना एकाच वेळी एकच भास, एकाच शब्दाचा... मी पंचवीस वर्षं कंडेन्सर बदलतोय, पण याला कुठला भाग बदलायचा ते मला समजलेलं नाही. कुणाला समजलं तर जरूर सांगा, मी वाद घालणार नाही.

पेव दाजी त्याच दिवशी बुजवायला निघाले होते. तात्यांनी अडवलं. "तोंड उघडं ऱ्हाऊ दे," म्हणाले. तीन दिवस ते उघडं ठेवलं. रोज सकाळी तात्या स्वतः कंदील सोडायचे. पहिल्या दिवशी निम्म्यात विझला, दुसऱ्या दिवशी तळाजवळ. तिसऱ्या दिवशी तळाला टेकून जळत राहिला. तात्या काठावर पालथे पडून तो बघत होते. तेल संपेपर्यंत जळू दिला आणि मग स्वतः पहिली पाटी माती टाकली. त्या दिवशी पोटभर जेवले आणि दुसऱ्या दिवसापासून मेंढरामागे गेले.

दिवाळीला मी त्यांच्यासाठी कानावर लावायचा हेडफोन घेऊन गेलो. हे खरं तर मी पहिल्याच दिवशी करायला हवं होतं. टीव्हीला लांब वायर जोडली, हेडफोन त्यांच्या कानांवर बसवला, सातच्या बातम्या लावल्या. तात्या डोळे मिटून ऐकत राहिले. मी हाताने विचारलं, ऐकू येतंय का?

त्यांनी हेडफोन काढून मांडीवर ठेवला.

"सगळ्याचं ऐकू येऊन राहिलं," म्हणाले. "त्याचं तेवढं न्हाई."